मतदान न्यूयॉर्कला, सही तुमची

युक्रेनपासून गाझापर्यंत वाचकांची पत्रं कुठलीही असोत, गोंधळ एकच. सरकारने संयुक्त राष्ट्रांत दिलेलं मत, हेगमधल्या कोर्टाचा आदेश आणि आपल्यावर बंधनकारक असलेला कायदा यांची सरमिसळ. म्हणून पुन्हा एकदा.

२ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या युक्रेनवरील हल्ल्याविरुद्धच्या ठरावावर भारत गैरहजर राहिला. म्हणजे हल्ल्याला संमतीच ना? (नाशिक)

गैरहजर नव्हे, तटस्थ. १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. त्या ३५ मध्ये आपण. मत न देण्याचं कारण सांगणारं निवेदन त्याच दिवशी झालं. त्यात संयुक्त राष्ट्रांची सनद आहे, सार्वभौमत्व आहे आणि खारकीव्हमध्ये अडकलेले आपले विद्यार्थीही आहेत. रशियाचा निषेध तेवढा नाही. हे पटत नसेल तर जरूर भांडा, पण त्याला संमती म्हणू नका.

मग हेगला भारतीय न्यायमूर्तींनी रशियाविरुद्ध मत कसं दिलं? (सोलापूर)

न्यायमूर्ती सरकारचे वकील नसतात. रशियाने लष्करी कारवाई थांबवावी, या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १६ मार्च २०२२ च्या १३ विरुद्ध २ अशा आदेशात दलवीर भंडारी बहुमतात होते, ते स्वतःच्या विवेकाने. दिल्लीला विचारून नव्हे.

पुतिन यांच्यावर वॉरंट आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ते दिल्लीत आले तेव्हा अटक का नाही? (पुणे)

वॉरंट आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं. ते ज्या रोम कराराने उभं राहिलं त्यात भारत नाही, म्हणून अटकेचं बंधनही नाही. भंडारींचं न्यायालय वेगळं, हे वेगळं, दोन्ही हेगमध्येच, हे कितव्यांदा लिहितोय कोण जाणे.

पुतण्याला रशियात 'सिक्युरिटी हेल्पर'ची नोकरी मिळतेय. एजंट म्हणतो, भारत-रशिया जुने मित्र, आपल्या पोरांना आघाडीवर धाडत नाहीत. वर्षभरात पासपोर्टही मिळेल. तीन लाख मागतोय, दोन दिवसांत सांगायचंय. (अहिल्यानगर)

दोन दिवसांची घाई आहे, तिथेच पाणी मुरतंय. मैत्री दोन सरकारांची आहे, करारावर सही पुतण्याची असणार, आणि तीही त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत. एजंटच्या तोंडी शब्दाला त्या कागदावर जागा नसते. मदतनीस म्हणून नेलेली मुलं सैन्यात निघाली, म्हणून मार्च २०२४ मध्ये सीबीआयने सात शहरांत छापे घातले. त्यात मुंबई होती. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आकडे दिले: रशियन सैन्यात १२६ भारतीय, पैकी १२ मृत, १६ बेपत्ता. मैत्री तेव्हाही होतीच!

पासपोर्टचं आमिष तर त्याहून वाईट. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं. मग दूतावास कोणत्या हक्काने त्याला भेटू मागणार? पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात १५ विरुद्ध १ असा निकाल लागला तो वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ वर, आणि ते कलम देशाला आपल्या नागरिकापर्यंत पोचू देतं. नागरिकच उरला नाही तर?

शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम १५३ पाहा. भारताशी सलोख्याने असलेल्या देशाच्या सरकारविरुद्ध युद्ध करणं हा गुन्हा आहे. युक्रेनशी आपलं वैर नाही. हे कलम पुतण्याला लागेल की नाही, ते फौजदारी वकिलाला विचारा. एजंटला नको.

आता पैसे. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढीच फी घेता येते. तीन लाख ऐकताच उठायला हवं होतं. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. शंका उरली तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'चं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचं हित बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय आहे, कागद घेऊन तिथे जा. टुरिस्ट व्हिसावर नेतो म्हणाला तर थेट पोलिस ठाण्यात. आणि मुलगा आधीच गेला असेल तर मॉस्कोतल्या आपल्या दूतावासाला आज कळवा. 'फोन येईल' म्हणून वाट बघत बसू नका.

भारताने पॅलेस्टाईनची मान्यता काढून घेतली, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का? (रत्नागिरी)

नाही. १९८८ ची मान्यता कायम आहे. गाझा-पॅलेस्टाईनवरच्या आमसभेच्या ठरावांत ऑक्टोबर २०२३ ला आपण तटस्थ होतो, डिसेंबरमध्ये बाजूने. सप्टेंबर २०२४ ला पुन्हा तटस्थ, सप्टेंबर २०२५ ला बाजूने. प्रत्येक ठरावाचा मजकूर वेगळा, म्हणून मतही वेगळं. मेसेज पाठवणाऱ्याला ठरावाची तारीख विचारा, पुढचा मेसेज यायचा नाही.