झामरला नुसतं नशीबवान म्हणू नका

तुमचा प्रश्न असा होता की जर्मन फुटबॉलपटू माथियास झामरला ९६ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या बेस्ट खेळाडूचा पुरस्कार, जेमतेम एका पॉइंटने मिळाला, कोच म्हणून एकच लीग जिंकला, बायर्न म्युनिक क्लबमध्ये तर तयार टीम हातात आली, मग लोक त्याला एवढं का मानतात आणि स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून तो नक्की करायचा काय. मी त्याला ९६ पासून फॉलो करतोय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, हा पूर्व जर्मनीचा माणूस आहे. जन्म ड्रेस्डेनचा, १९६७ चा, वडील क्लाउस झामर स्वतः डायनामो ड्रेस्डेनचे आणि पूर्व जर्मनीचे खेळाडू, आणि ८५ मध्ये माथियास सीनियर टीममध्ये आला तेव्हा कोचही तेच. घरात कौतुकबिवतुक फार नसणार असं मला कायम वाटतं, कारण जिंकल्यावरही नाखूष राहायची ही सवय अशा घरातूनच येते. १२ सप्टेंबर १९९० ला पूर्व जर्मनीची शेवटची मॅच ब्रसेल्समध्ये बेल्जियमविरुद्ध झाली, देश तीन आठवड्यांत संपणार हे सगळ्यांना माहीत, बऱ्याच खेळाडूंनी यायचंच टाळलं, जेमतेम चौदा जण जमले. झामर कॅप्टन होता. तोवर तो स्टुटगार्टला गेलेला, पश्चिमेकडचं करिअर सुरू झालेलं, त्या मॅचमधून त्याला काहीही मिळणार नव्हतं. २-० जिंकले, दोन्ही गोल त्याचे. मला त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी बॅलन डी'ओर नाही, ही मॅच सांगेन.

मग ९२ ला स्टुटगार्टबरोबर बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, इंटर मिलानमध्ये अर्धा सीझन जमलं नाही, ९३ च्या जानेवारीत डॉर्टमुंड. तिथे कोच हिट्झफेल्डने त्याला मिडफिल्डमधून काढून लिबेरो केलं, म्हणजे डिफेन्सच्या मागे मोकळा राहणारा. पण हा नुसता मागे थांबणाऱ्यातला नव्हता, बॉल मिळाला की सरळ पुढे निघायचा. ९५ आणि ९६ ला लीग, ९७ ला चॅम्पियन्स लीग, फायनलला युव्हेंटसला ३-१.

आता त्या एका पॉइंटचं. १४४ विरुद्ध १४३, आणि समोर ब्राझीलचा रोनाल्डो, त्यामुळे लोक आजही चिडतात ते मी समजू शकतो. पण युरो ९६, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, मी रात्री जागून पाहिलाय. कोहलर पहिल्याच मॅचमध्ये जखमी, क्लिन्समन क्रोएशियाविरुद्ध जखमी, अशी मोडकळलेली टीम त्याने मागून ओढली, रशियाविरुद्ध गोल, क्वार्टर फायनलला क्रोएशियाविरुद्ध विजयी गोल. फायनलमध्ये चेकला जी पेनल्टी मिळाली ती त्याच्याच फाउलवर, तेही बॉक्सच्या बाहेर झालेल्या, ते पण खरंय. तरी स्पर्धेचा बेस्ट प्लेअर तोच ठरला आणि बरोबर ठरला. त्यानंतर वर्षभरातच खेळ संपला, ९७ च्या शेवटी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालं आणि ते जिवावर बेतलं होतं. तिशीत करिअर गेलं. हे वाचल्यावरही ज्याला नशीबवान म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

कोचिंगचं थोडक्यात सांगतो. २००० ला आधी कोच उडो लाटेकबरोबर डॉर्टमुंडला रेलिगेशनमधून, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून, वाचवलं, मग हेड कोच, २००२ ला लीग. लेव्हरकुसेन तीन मॅच बाकी असताना पाच पॉइंट पुढे होतं आणि तरी यांनी गाठलं. झामर तेव्हा ३४ वर्षांचा, बुंडेसलिगाचा सगळ्यात तरुण चॅम्पियन कोच. पण पुढे जमलं नाही, २००४ ला बाहेर, स्टुटगार्टला एक सीझन, तिथूनही बाहेर. रोजच्या रोज त्याच पंचवीस जणांना सांभाळायला जो मऊपणा लागतो तो त्याच्यात नव्हता असं माझं मत.

बायर्नबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. २०१२ च्या जुलैमध्ये तो आला, बरेच खेळाडू आधीच ठरलेले, कोच हाइन्केस आधीपासूनच. पण ती टीम आठवा, लीगमध्ये दुसरी, कप फायनलला डॉर्टमुंडकडून ५-२, आणि चॅम्पियन्स लीग फायनल स्वतःच्या मैदानावर चेल्सीकडून पेनल्टीवर हरलेली. सीझन सुरू झाला, ओळीने सहा लीग मॅच जिंकल्या, सहावी ब्रेमेनमध्ये २-०, आणि हा माणूस बाहेर येऊन जाहीरपणे टीमला झापतो की असं आरामात चालणार नाही. हाइन्केसला ते आवडलं नाही, आणि त्यांचं चुकलं असंही नाही. पण ते काम कुणीतरी करायला हवं होतं. त्या सीझनला तिन्ही ट्रॉफी आल्या, लीग २५ पॉइंटच्या फरकाने.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्या आधीच्या सहा वर्षांत आहे, २००६ ते २०१२, जर्मन असोसिएशनचा म्हणजे डीएफबीचा स्पोर्टिंग डायरेक्टर. तेव्हा जर्मनीचा कोच असलेल्या क्लिन्समनला त्या जागी हॉकीचे कोच बर्नहार्ड पेटर्स हवे होते, डीएफबीने झामरला घेतलं. ज्युनियर अकॅडम्यांची सुधारणा युरो २००० च्या फजितीनंतरच सुरू झाली होती, ते श्रेय त्याचं नाही. त्याने काय केलं तर सगळ्या वयोगटाच्या टीम्स, त्यांचे कोच, खेळायची पद्धत एका धाग्यात आणली आणि एक गोष्ट लावून धरली, की पोरांना नुसतं ‘तयार’ करायचं नाही, स्पर्धा जिंकायची सवयही लावायची. यावर त्याच्याशी भांडणारे खूप होते, आणि अंडर-२१ कुणाच्या हाताखाली यावरून सीनियर टीमचा कोच लोएवशीही वाजलं. अंडर-२१ चा कोच आयल्ट्स गेला आणि ह्रुबेशला आणलं. निकाल बघा: २००८ अंडर-१९ युरो, २००९ अंडर-१७ युरो, २००९ अंडर-२१ युरो, फायनलला इंग्लंडला ४-०. तिन्ही टायटल एकाच वेळी जर्मनीकडे.

त्या अंडर-२१ मध्ये नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, हॉवेडेस, ओझिल, खेदिरा. अंडर-१७ मध्ये ग्योत्झे. २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलला त्या सहापैकी पाच सुरुवातीपासून मैदानात होते, खेदिरा वॉर्मअपमध्ये जखमी झाला म्हणून, नाहीतर सहाही, आणि ११३ व्या मिनिटाला गोल केला तो ग्योत्झेने. झामरने डीएफबी सोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

बायर्न त्याने २०१६ ला सोडलं, एप्रिलमध्ये मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा त्रास झाला होता, त्यातून बरा झाला, नंतर २०१८ पासून डॉर्टमुंडचा सल्लागार होता. तुम्हाला एकच मॅच बघायची असेल तर युरो ९६ ची क्रोएशियावाली शोधा, आणि गोल सोडून बाकीचा वेळ तो कुठे उभा राहतो आणि कुणाला ओरडतो तेवढंच बघा.