नॉर्मलिटीची चाचणी फसली तर ॲनोव्हा वापरायचाच नाही का?

सर्व गटांची निरीक्षणे एकत्र करून तुम्ही शापिरो-विल्क चाचणी (आकडे नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचे पसरले आहेत का हे पाहणारी) लावली, ती फसली आणि आता ॲनोव्हा (अनेक गटांच्या सरासरींची तुलना करणारी पद्धत) सोडून द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. सोडू नका. चूक तुमची नाही, तुम्हाला तसे शिकवणाऱ्यांची आहे. हे मी ठामपणे लिहितो, कारण याच मुद्द्यावर माझा प्रबंध अडला होता. नॉर्मल असावे लागतात ते अवशेष, म्हणजे प्रत्येक निरीक्षणातून त्याच्या गटाची सरासरी वजा केल्यावर उरते ते. गटांच्या सरासरी एकमेकींपासून खरोखरच दूर असतील, तर एकत्रित आलेखाला दोन-तीन उंचवटे येणारच.

सोलापुरातल्या एका कारखान्यात मी तीन प्रकारच्या सुतांचे टॉवेल किती पाणी शोषतात हे मोजत होतो. प्रत्येक सुताचा एक टॉवेल घेऊन त्याचे बारा तुकडे कापायचे, सुके तोलायचे, बुडवायचे, तारेवर निथळू द्यायचे आणि पुन्हा तोलायचे, अशी ३६ निरीक्षणे झाली. मार्गदर्शकांनी आलेखाचे उंचवटे पाहून ॲनोव्हावर काट मारली आणि क्रुस्कल-वॉलिस ही नॉर्मलिटी न मागणारी चाचणी लिहायला सांगितले. नॉर्मलिटी तपासायच्या आलेखावर अवशेषांचे बिंदू जवळजवळ सरळ रेषेत, म्हणजे हवे तसेच, पडले होते. तो कागद त्यांनी न पाहताच परत केला.

नॉर्मलिटीबाबत मी बरोबर होतो, हे आजही म्हणेन. पण टॉवेल काढून देणाऱ्या जॉबरने (मागांवरच्या मुकादमाने) पहिल्याच दिवशी सांगितले होते, "साहेब, तीन नंबरचा माग धागा सैल सोडतो, त्याचा लूप लांबच पडतो." ते मी वहीत टिपले आणि विसरलो. प्रत्येक सूत एकेकाच मागावर विणले गेले होते, त्यामुळे फरक सुताचा की मागाचा हे कोणतीच चाचणी सांगू शकत नव्हती. एकाच टॉवेलचे बारा तुकडे ही बारा स्वतंत्र निरीक्षणेही नव्हती. कागदावर त्रुटीच्या ३३ डिग्री ऑफ फ्रीडम (त्रुटी मोजायला उरणारे स्वतंत्र माहितीचे तुकडे) दिसत होत्या, प्रत्यक्षात एकही नव्हती. क्रुस्कल-वॉलिसलाही स्वतंत्र निरीक्षणेच लागतात, म्हणजे सरांच्या उपायानेही काही सुधारले नसते.

म्हणून स्वातंत्र्याचे, म्हणजे निरीक्षणे एकमेकांवर अवलंबून नसण्याचे, गृहीतक मी सर्वांत वर ठेवतो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या शेतांवर संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२०च्या दशकात ॲनोव्हाची पद्धत घडवली, तेव्हा कोणत्या वाफ्याला कोणते खत हे चिठ्ठी टाकून ठरवण्याचा आग्रह धरला. ते काम विदा गोळा करण्यापूर्वीच करावे लागते, नंतर सॉफ्टवेअर ते करत नाही. व्हेरियन्सची समानता (सर्व गटांतले विखुरण सारखे असणे) नसली, तरी गटांचे आकार सारखे असतील तर ते फारसे छळत नाही; आकार विषम असून लहान गटातच विखुरण जास्त असेल, तर नसलेले फरक दिसू लागतात, तेव्हा असमान विखुरण चालवून घेणारी वेल्च यांची १९५१ची चाचणी घ्यावी. अर्थात गटागणिक चार-पाचच निरीक्षणे असून अवशेष एका बाजूला फार झुकलेले असतील, तर मी वर लिहिले तेवढे निर्धास्त राहू नका. निरीक्षणांचा लॉग (लॉगरिदम) घेऊन पाहा.

तुमचे मार्गदर्शक ऐकत नसतील, तरी अवशेषांचा आलेख परिशिष्टात जोडाच. मी तो त्यांच्या आग्रहाखातर काढून टाकला होता. आज प्रबंध पुन्हा लिहायचा झाला, तर तो आलेख आणि जॉबरचे ते वाक्य दोन्ही पहिल्या प्रकरणात घालीन.