ना हो, ना नाही

‘ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. रात्री जागून मी इंग्रजीत कादंबरी लिहिली. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या दोन जावांची गोष्ट आहे. दिल्ली, मुंबई, लंडन धरून तीसेक लिटररी एजंटांना, म्हणजे लेखकांची पुस्तकं प्रकाशकांना विकून देणाऱ्यांना, मेल केली, त्याला आठ महिने झाले. दोघांचा छापील नकार आला, बाकीचे गप्प. घरात रेंज नसते म्हणून रोज पाण्याच्या टाकीजवळ जाऊन मेल बघते. सासूबाई विचारतात, “काय झालं वं तुह्या पुस्तकाचं?” मला काही सांगता येत नाही. ओळखीचे एक सर म्हणाले, यवतमाळची गोष्ट आहे तर त्यात शेतकऱ्याची आत्महत्या टाक, बाहेरचे लगेच घेतील. एकाने पंचेचाळीस हजारांत पुस्तक काढून देतो म्हटलं. स्पष्ट नकार आला असता तर रडून मोकळी झाले असते. आता मी काय समजू?’

बाई गं, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. आठ महिने झालेत, तेव्हा या एजंटांकडून ‘नाही’ आलंय असं धर आणि त्यांची वाट पाहणं आजपासून बंद कर. तुझी कादंबरी मात्र त्यांनी नाकारलेली नाही. ती त्यांनी वाचलेलीच नाही. त्यांच्यासमोर पोचलं ते फक्त तुझं पत्र.

एजंटचा धंदा कमिशनवर चालतो. पुस्तक विकलं गेलं तरच त्याला पैसे, साधारणपणे देशातल्या व्यवहारात १५ टक्के आणि परदेशी किंवा भाषांतराच्या हक्कांवर २० टक्के. म्हणून त्याचा दिवस आधीच हाताशी असलेल्या लेखकांच्या करारांत आणि पैशांच्या हिशोबात जातो. नव्यांची पत्रं तो उरलेल्या वेळात वाचतो आणि ती ढिगाने येतात. कित्येक एजन्सी आपल्या वेबसाइटवर लिहूनच ठेवतात की आठ ते बारा आठवड्यांत उत्तर नाही आलं तर नकार समजावा. माणूस म्हणून मला ही रीत मुळीच आवडत नाही. रात्री जागून लिहिणाऱ्या बाईला एका ओळीचं उत्तर मिळायलाच हवं. पण ही रीत सगळ्यांना सारखीच लागू आहे, तुझ्या गावाकडे किंवा आडनावाकडे पाहून कोणी ती काढलेली नाही.

आता तुझ्या पत्राकडे वळते. तू ते सोबत पाठवलंस म्हणून स्पष्ट लिहिता येतं. एकच मेल तू सगळ्यांना एकदम पाठवलीस, पत्त्यांच्या रांगेसकट. वर अख्खी कादंबरी फाइल म्हणून जोडलीस. अनेक एजंट अनोळखी माणसाची फाइल उघडतच नाहीत. कोणाला मेलमध्येच उतरवलेली पहिली दहा पानं हवी असतात, कोणाला पहिली तीन प्रकरणं आणि सारांश. ज्याचं जे मागणं असेल ते त्याच्या वेबसाइटवर असतं, त्याबरहुकूम एकेकाला नावानिशी पाठवायचं. शिवाय तू लिहिलंस की कादंबरी १ लाख ७० हजार शब्दांची आहे. पहिली कादंबरी साधारण ७० हजार ते १ लाखाच्या आसपास असली तर बरं, एवढा मोठा आकडा पाहूनच काहीजण पुढे वाचत नाहीत. आणि पत्राचे पहिले दोन परिच्छेद तुझ्या शिक्षणाचे आणि लेखनाच्या आवडीचे आहेत. त्या दोघी जावा येतात थेट तिसऱ्यात! त्यांना सगळ्यात वर आण.

पुढच्या वेळी पाच-सहाजणांनाच पाठव आणि एका वहीत नाव, तारीख, काय पाठवलं ते टिपून ठेव. कोणीच पुढची पानं मागितली नाहीत तर पत्र बदल. पानं मागवून नाही म्हणाले तर सुरुवातीची प्रकरणं पुन्हा बघ. पूर्ण कादंबरी मागवून कोणी गप्प बसलं, तर तीनेक महिन्यांनी दोन ओळींची आठवण पाठवायला काहीच हरकत नाही. एकदम तीसजणांना पाठवलं की यातलं काहीच कळत नाही आणि नावंही संपत जातात.

त्या सरांचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नकोस. आपल्या जिल्ह्यात ज्या घरांनी हे भोगलंय त्यांचं दुःख कोणाचं लक्ष वेधायला वापरायचं नसतं. तुझ्या गोष्टीत ते मुळातून असतं तर तू पहिल्याच खर्ड्यात लिहिलं असतंस. तुझ्याकडे जे आहे ते मी इंग्रजी पुस्तकांत क्वचितच पाहिलंय: रुईचा तूस नाकातोंडात जाऊन खोकणाऱ्या बाया, हंगाम संपला की काम संपणं, एकीच्या मजुरीवर दुसरीचा डोळा आणि तरी डबा एकत्रच. तू जोडलेल्या पानांत धाकटी जाऊ मोठीच्या पदराला चिकटलेला कापूस वेचून काढते आणि त्याच हाताने तिचे पैसे मोजते. तिथे मी थांबले आणि पुन्हा वाचलं. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्याला एकच गोष्ट आठवते. तू दुसरी लिहिलीस, ती तशीच राहू दे.

पंचेचाळीस हजारवाल्याला उत्तरही देऊ नकोस. खरा एजंट वाचण्याचे किंवा छापण्याचे पैसे लेखकाकडून घेत नाही. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणं हा वेगळा मार्ग आहे, तो डोळे उघडे ठेवून कधीही घेता येईल. हताश असताना नको.

मराठीत लिहायला हवं होतं का, हेही तू विचारलंयस. मराठीत एजंट जवळजवळ नाहीतच, हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे जातं आणि तिथेही महिनोन्महिने उत्तर येत नाही. तेव्हा केवळ या शांततेपायी भाषा बदलू नकोस. मराठीत लिहावंसं आतून वाटलं तर जरूर लिही. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची चौकशी कर. इंग्रजीसाठीही आपल्याकडचे काही प्रकाशक मधूनमधून लेखकाकडून थेट हस्तलिखितं घेतात, तेही बघ.

सगळ्यात जास्त काळजी मला त्या टाकीची वाटते. पाठवण्यासाठी वेगळा मेल पत्ता काढ आणि तो आठवड्यातून एकदाच, शाळेत असताना उघड. सासूबाई विचारतात तेव्हा तुला हिशोब मागितल्यासारखं वाटतं, पण मला तर त्या प्रश्नात आस्था दिसते. घरातल्या कोणालातरी तुझं पुस्तक लक्षात आहे! त्यांना सांग, ‘पाठवलं आई, टाइम लागते त्याले.’

आणि नवं पत्र लिहिण्याआधी त्यांनाच दोघी जावांची गोष्ट आपल्या बोलीत सांग, भाजी निवडता निवडता, चार-पाच वाक्यांत. ज्या वाक्याला त्या हात थांबवून ‘मंग?’ म्हणतील, ते वाक्य पत्रात सगळ्यात वर घाल.