फोव्हिएटेड रेंडरिंगला हात घालताय? मग आधी एवढं बघा

स्वागत! फोव्हिएटेड रेंडरिंग म्हणजे नजर जिथे असते तिथेच चित्र पूर्ण स्पष्ट काढायचं, कडेला ढोबळ; त्याने ग्राफिक्स चिपचं (जीपीयूचं) काम वाचतं. पहिलं काम, व्हीआर हेडसेट कुठला आहे ते बघा. मेटाच्या क्वेस्ट २ आणि ३ मध्ये आय ट्रॅकिंग (नजर कुठे आहे ते टिपणं) नाही. तिथे 'फिक्स्ड'वरच भागवावं लागतं, म्हणजे नजर कुठेही असो, मधला भाग स्पष्ट आणि कडा ढोबळ. नजरेमागे धावणारं रेंडरिंग हवं असेल तर क्वेस्ट प्रो किंवा सोनीच्या पीएसव्हीआर २ सारखं काहीतरी लागेल. फिक्स्डने सुरुवात केलीत तरी काही बिघडत नाही.

- आधी प्रोफाइलर (वेळ कुठे खर्च होतोय ते दाखवणारं साधन) लावा. गाडी अडलीय सीपीयूत आणि तुम्ही पिक्सेल वाचवताय, तर फ्रेमरेट जागचा हलणार नाही. नवे लोक हमखास इथेच फसतात.
- कडेला नुसतं रिझोल्यूशन उतरवू नका. नजरेच्या कडेला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, पण लुकलुक लगेच टिपली जाते. डोकं जरा वळवा, जाळीचं कुंपण नाहीतर झाडाची पानं कशी झिमझिमतात बघा! तिथे अँटीअलायझिंग (दातेरी कडा आणि लुकलुक गुळगुळीत करणं) हवंच.
- स्पष्ट वर्तुळ ऐसपैस ठेवा. फोव्हिया (डोळ्याचा सगळ्यात स्पष्ट बघणारा भाग) जेमतेम २ अंशांचा, पण ट्रॅकरची चूक आणि उशीरही त्यात धरावा लागतो.

तपासणी हेडसेट घालूनच करा, स्क्रीनशॉटवरून नाही. दुसऱ्याला घालायला दिलात तर आय ट्रॅकिंगचं कॅलिब्रेशन (त्याच्या डोळ्यांशी जुळवणं) नव्याने. लॉग-पोलर (मध्यापासून दूर जाताना पिक्सेल विरळ करणारी मांडणी) वगैरे भानगडी नंतर बघू.