तीन मुलं, तीन यत्ता, एकच आई

घरशाळा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, यंदापासून तिन्ही मुलांना घरीच शिकवतेय. मोठा ११ वर्षांचा, सहावीचा अभ्यास. मधली ८ वर्षांची, तिसरीचा. धाकटी ५ वर्षांची. शाळेसारखंच वेळापत्रक करून भिंतीवर लावलं: प्रत्येकाला रोज ६ तासिका, एकेक ४५ मिनिटांची. चौथ्या दिवशीच सगळं कोलमडलं. एकाला शिकवायला बसले की दुसरी ‘आई, पुढे काय?’ म्हणून उभी. माझं कुठे चुकतंय?
एक आई, मनीषनगर

उत्तर: आधी हिशोब करून बघा. तीन मुलं, प्रत्येकी ६ तासिका, म्हणजे १८ तासिका. ४५ मिनिटांप्रमाणे ८१० मिनिटं झाली, साडेतेरा तास! शाळेत एका शिक्षकासमोर एकाच यत्तेची ३०-४० मुलं असतात, म्हणून तिथे तासिका जमतात. तुमच्यासमोर तीन यत्ता आहेत आणि तुम्ही एकट्या. तेव्हा वेळापत्रक मुलांचं मांडू नका, स्वतःचं मांडा. दिवसात मोजकी जी काही तुमची मिनिटं आहेत, ती कोणाला, कधी आणि कशासाठी द्यायची, एवढंच ठरवायचं आहे.

रविवारी रात्री तिघांची आठवड्याची कामं एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक कामापुढे खूण करा. तुम्ही शेजारी बसल्याशिवाय होणारच नाही, त्या कामाला गोल. गणितातला नवा भाग, धाकटीचं अक्षरवाचन, मोठ्याच्या निबंधावर बोलणं, हे सगळं गोलात येतं. तुम्ही हाकेच्या अंतरावर असलात तर होतं, त्याला त्रिकोण: जमलेल्या गणितांचा सराव, शुद्धलेखन. तुम्ही घरात कुठेही असलात तरी चालतं, त्याला रेघ: गोष्टीचं पुस्तक, चित्र, नकाशा रंगवणं, मण्यांची माळ.

आता फक्त गोल मोजा. या वयाच्या मुलांना धाकटीला ३०, मधलीला ४५, मोठ्याला ५५ मिनिटं पुरतात. बेरीज १३० मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासही नाहीत. एवढं एका आईला रोज जमतं. साडेतेरा तास कोणालाच जमणार नाहीत.

सकाळ साधारण अशी बसते. ८ ते ८.२५ सगळे एकत्र: कविता, तोंडी गणितं, तुम्ही मोठ्याने एखादी गोष्ट वाचायची. ८.२५ ला धाकटीची १५ मिनिटं. तेवढ्यात मधली कालची उजळणी करते, मोठा वाचतो. ८.४० पासून २५ मिनिटं मधलीचं गणित. धाकटीकडे मातीचा गोळा किंवा मण्यांचं ताट, मोठा मराठीचं लेखन करतो. ९.०५ पासून ३० मिनिटं मोठ्याचं गणित. मधलीचं सहा ओळी शुद्धलेखन आणि मग वाचन, धाकटी मटकी-चणे निवडून वेगळ्या वाट्यांत टाकते. ९.३५ ला नाश्ता. १० ला पुन्हा धाकटीची १५, मग मधलीची भाषेची २० आणि शेवटी मोठ्याच्या इंग्रजी-विज्ञानाची २५ मिनिटं. ११ वाजता, आठवड्यातून तीन दिवस, तिघांचा मिळून एक विषय ४० मिनिटं.

धाकटीला पहिला नंबर मुद्दाम दिला आहे. आईचा वेळ आधी मिळाला की लहान मूल निवांत खेळतं. थांबवून ठेवलं तर मोठ्यांच्या गणितात चारदा येऊन मांडीवर बसतं. यात एक धोका आहे. मोठा कायम शेवटी येतो आणि त्याच्या वाट्याला दमलेली आई येते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस नाश्त्यानंतरचा क्रम उलटा करा.

मधलीची ती २५ मिनिटं जरा जवळून बघू, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच रुळावरून उतरते. समजा हातच्याची वजाबाकी आहे, ५२ वजा २७. पहिली तीन मिनिटं तोंडी: १२ मधून ७ गेले किती, १४ मधून ६ गेले किती. मग आठ-नऊ मिनिटं आगपेटीच्या काड्या. दहा-दहाच्या पाच जुड्या रबराने बांधलेल्या आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा. ‘दोनातून सात दे’ म्हटलं की ती अडते, आणि अडू द्या. एका जुडीचं रबर तिने स्वतःच्या हाताने सोडायला हवं. तुम्ही सोडून दिलंत तर हातचा म्हणजे काय ते तिला कळणार नाही. पुढची आठ मिनिटं तीन गणितं वहीत, तुमच्या डोळ्यांसमोर. उरलेल्या पाचात चौथं गणित तिने तुम्हाला समजावून सांगायचं. एवढं झालं की सहा गणितं देऊन उठा, त्यातली दोन जुन्या भागातली असू द्या. समजावून झाल्या झाल्या उठलात तर काय होतं? मूल सातातून दोन काढून ३५ लिहितं आणि तीच चूक सहा वेळा घोटून पक्की करतं. ती मोडायला मग आठवडा जातो.

‘आई, पुढे काय?’ याचा बंदोबस्त दोन गोष्टींनी होतो. प्रत्येकाचा एक ट्रे ठेवा, त्यात त्या दिवसाची त्रिकोण आणि रेघेची तीन-चार कामं वरून खाली क्रमाने. एक संपलं की खालचं घ्यायचं, विचारायचं नाही. आणि अडलेल्या गणितापुढे चांदणी काढून पुढे जायचं. दोन चांदण्या झाल्या तरच हाक मारायची. पहिला आठवडा सवय लावण्यात जातो. तेवढ्यात मन खचू देऊ नका.

घड्याळापेक्षा क्रम पाळा. कोणी आलं, गॅस सिलिंडर आला, वीस मिनिटं गेली, तर सगळं पुढे ढकलत एक वाजवू नका. त्या दिवशी ११ चा एकत्र विषय सोडा, गणित आणि वाचन सोडू नका. गोलाच्या वेळात गॅसवर कुकर ठेवू नका. शिट्ट्या मोजता मोजता हातचा सुटतो. आणि वह्या त्याच दिवशी तपासा, दुपारी दहा मिनिटं पुरतात. आठवड्याच्या वह्या शनिवारी घेऊन बसलात तर चूक सापडते, पण ती का झाली ते तोवर मुलाला आठवत नाही.

प्रश्न: मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीवर जातात. नातू ९ वर्षांचा, नात ७ वर्षांची. दोघांना मीच शिकवतो. दोन वेगळे अभ्यास घेताना दमायला होतं. दोघांना सगळ्या विषयांत एकत्र बसवलं तर चालेल का?
एक आजोबा, धरमपेठ

उत्तर: काका, सगळ्या विषयांत नको, पण निम्म्यांत नक्की बसवा. गणित, वाचन आणि लेखन पायरीपायरीने चढतात. त्यात दोन वर्षांचं अंतर असलं तर एक कंटाळतो नाहीतर दुसरी बुजते. परिसर अभ्यास, इतिहासाच्या गोष्टी, विज्ञान, चित्रकला, कविता यांना पायऱ्या नसतात. तिथे विषय एकच ठेवा, काम वेगळं द्या.

नागपुरात यासाठी संत्र्यासारखी दुसरी वस्तू नाही. हिवाळ्यात चार संत्री आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसा. नातीने सोलायचं, फोडी मोजायच्या, बिया मोजायच्या आणि चारही संत्र्यांचे आकडे एका तक्त्यात लिहायचे. सगळ्यांत फोडी सारख्या निघाल्या का, हे तिने सांगायचं. नातवाने आधी अख्ख्या संत्र्याचं, मग सालीचं वजन करायचं. समजा संत्रं १५० ग्रॅम आणि साल ४० ग्रॅम, तर खायला किती उरलं? दहा फोडींतल्या तीन खाल्ल्या तर कितवा भाग संपला? डझनाचा भाव घेऊन एका संत्र्याची किंमत काढायची. मग दोघांनी मिळून नकाशावर काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी शोधायचे. संत्र्याला वर्षात दोन बहार, म्हणजे फुलं धरायचे हंगाम: आंबिया आणि मृग. आंबिया बहाराला वसंताच्या तोंडाशी फुलं येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे उतरतं. मृग बहाराला पावसाच्या सुरुवातीला फुलं आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा आपल्या हातातलं संत्रं कोणत्या बहाराचं, हे महिना बघून नातवाला ठरवता येतं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही सांगा. हे ‘मानांकन’ म्हणजे काय, असा प्रश्न तो विचारेलच: त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क. शेवटी नातीने तीन वाक्यं लिहायची, नातवाने दहा. दोघांचा मिळून एक तास होतो आणि तुमचं बोलणं एकदाच.

एकत्र बसवताना एक जपा. प्रश्न नेहमी नातीला आधी विचारा. नातवाने आधी उत्तर दिलं तर तिला सांगायला काही उरत नाही. उलट कधी तिने त्याच्या वाटचं उत्तर पटकन दिलं, तर तो पुढे तोंडच उघडत नाही. त्याचे प्रश्न वेगळे आणि ‘का’चे असू द्या.

आठवड्यातला एक दिवस बाहेरचा ठेवलात तर दोघांचंही भलं, तुमचंही. अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय (सोमवारी बंद असतं), रमण विज्ञान केंद्र, कडबी चौकातलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. एका खेपेला एकच दालन आणि प्रत्येकाला बघायला एकच गोष्ट. सगळं बघून घ्यायला गेलं की मुलं दमतात आणि घरी आल्यावर काहीच सांगता येत नाही.

प्रश्न: एप्रिल लागला की मुलांना काही सुचत नाही. कूलर लावूनही दुपारी चिडचिड. उन्हाळ्यात सुट्टी द्यावी की चालू ठेवावं?
एक आई, नंदनवन

उत्तर: ४५ अंशांत दुपारी गोलाचं काम काढूच नका, कूलर कितीही गार असो. एप्रिलपासून दिवस लवकर सुरू करा: ६.३० ला सुरुवात, ९ ला संपलं. दुपारी १ ते ५ फक्त झोप, पत्ते, बुद्धिबळ, गोष्टी ऐकणं. कूलरमध्ये पाणी भरणं मोठ्या मुलाकडे द्या. बादलीचे लिटर आणि टाकीची पातळी रोज लिहायला सांगितली तर आठवड्याभरात त्याचं आलेखाचं काम तयार होतं. नवतपाचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस सगळं बंद ठेवा.

सुट्टीचं म्हणाल, तर सलग दोन महिने सुट्टी दिली की पाढे आणि वाचनाचा वेग दोन्ही उतरतात आणि जुलै त्यांना वर आणण्यातच जातो. त्यापेक्षा सहा आठवडे अभ्यास, एक आठवडा मोकळा, असं करा. अशा सहा फेऱ्यांचे ४२ आठवडे होतात, त्यात ३६ अभ्यासाचे. वर्षाचे उरलेले १० आठवडे मे महिना, दिवाळी, लग्नकार्य आणि तापसर्दीला पुरतात. पोळा आणि तान्ह्या पोळ्याचे दिवस त्यातच धरा. लाकडी बैल सजवायचा सोडून त्या दिवशी कोणतं मूल व्याकरण करणार?

प्रश्न: मोठी मुलगी १४ वर्षांची, एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिथे घरी शिकून परीक्षा देता येते) दहावी करणार आहे. खालची दोघं ९ आणि ६. ती त्यांचं छान घेते, पण तिचाच अभ्यास मागे पडतोय.
एक आई, सक्करदरा

उत्तर: तिला शिक्षिका करू नका. तिला आवडत असेल तर रोज २० मिनिटं धाकट्याला गोष्ट वाचून दाखवू द्या. ती वेळ संपली की तिची सुटका. भावंडांच्या वह्या तपासणं, त्यांना बसवणं, रागावणं ही कामं तुमचीच. ताईच रागवायला लागली की भावंडांचं नातं बिघडतं, आणि ते सुधारणं दहावीच्या गणिताहून अवघड असतं.

एनआयओएसच्या दहावीला किमान पाच विषय लागतात, त्यात एक तरी भाषा हवी. उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात ९ संधी मिळतात. म्हणजे पाचही विषय एकाच बैठकीत द्यायला हवेत असं नाही. दोन आधी, तीन नंतर केले तर तुमचं घर जास्त शांत राहील. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना २० टक्के भार असतो. ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. दर शुक्रवारी एका विषयाचा एक प्रश्न, असं केलं की आपोआप संपतात.

तिची वेळ पहाटेची ठेवा. ५.३० ते ७.३०, धाकटे उठायच्या आधी, गणित आणि विज्ञान. त्यातली पहिली २० मिनिटं तुम्ही चहाचा कप घेऊन तिच्याजवळ बसा आणि कालचं अडलेलं सोडवा. बाकी दिवसभर ती स्वतःचं करते. रविवारी अर्धा तास तिच्यासोबत बसून आठवड्याची पानं ठरवा. मात्र ‘विज्ञान’ एवढंच लिहू नका. ‘विज्ञान, पाठ ४, पहिली आठ पानं आणि शेवटचे पाच प्रश्न’ असं लिहा. नुसतं ‘विज्ञान’ लिहिलं की मुलगी तासभर पुस्तक उघडून बसते आणि तुम्हाला दोघींनाही वाटतं की अभ्यास झाला.

प्रश्न: दोघांना शिकवताना दीड वर्षाचा तान्हा वह्या ओढतो. काय करू?
एक आई, जरीपटका

उत्तर: त्याच्या सकाळच्या झोपेची वेळ आठवडाभर लिहून ठेवा आणि मोठ्यांचं सगळ्यात अवघड गोल त्यातच बसवा. जागेपणी त्याच्यासाठी एक टोपली ठेवा, जी फक्त अभ्यासाच्या वेळी निघते: स्टीलच्या वाट्या, झाकणं, जुना रिमोट (सेल काढून), कापडाचे तुकडे. एरवी ती कपाटावर ठेवायची. दिवसभर हाताशी राहिली तर तिसऱ्या दिवशी तिच्याकडे तो बघणारही नाही. मणी, काड्या, खडूचे तुकडे मात्र त्याच्या उंचीवर कधीच नकोत; मोठ्यांचं ते सामान टेबलावरच वापरा आणि उठताना मोजून डब्यात भरा. काड्या मोजायचं काम मधल्याला द्या.