अग्निशामक पोशाखाला हवा तो रंग देता येतो का?

प्रश्न : आमच्या कारखान्याचे छोटे अग्निशमन पथक आहे. यंदा नवे पोशाख मातकट पिवळ्या रंगाचे आले. शेजारच्या कारखान्याच्या पथकाचेही तसेच असल्याने, परस्परांच्या मदतीला धावल्यावर आपला माणूस कोणता हे ओळखू येत नाही, आणि दोन सरावांतच ते मळके दिसू लागले. चिपळूणच्या रंगाऱ्याकडून ते गडद निळे करून घ्यावेत का? – एक वाचक, लोटे, ता. खेड

उत्तर : कृपया असे करू नये, आणि पोशाख रंगाऱ्याकडे गेले असतील तर ते आजच परत आणावेत. सुती सदरा विणल्यानंतर सहज रंगवता येतो, पण अशा पोशाखाचा बाहेरचा थर नोमेक्स, केवलार, पीबीआय यांसारख्या आगीला दाद न देणाऱ्या कृत्रिम तंतूंचा असतो. नोमेक्सच्या तंतूची घडण इतकी घट्ट असते की उकळत्या पाण्यातला रंग त्यात नीट शिरत नाही. म्हणून एक तर तंतू तयार होण्यापूर्वीच मूळ द्रावणात रंग मिसळतात, किंवा बंद यंत्रात दाबाखाली १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून, विशेष रसायनांच्या साहाय्याने तो चढवतात. केवलार मुळातच पिवळा आणि पीबीआय सोनेरी-तपकिरी असतो, त्यामुळे आपल्याला न आवडलेला रंग बहुधा त्या तंतूंचा उपजत रंग असावा.

रंगाऱ्याच्या हंड्यात रंग वरवर बसेल, आणि कापडात राहून गेलेली रसायने आगीच्या झळांत पेट घेऊ शकतील. पोशाख शिवलेलाच बुडवला तर आतला, पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदाही उष्णतेने आणि रसायनांनी सुटू शकतो, आणि प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्यांवर रंग बसला की रात्री त्या चमकत नाहीत. अग्निशामक पोशाखांच्या ईएन ४६९ या युरोपीय मानकासारख्या मानकांखालच्या चाचण्या मूळ कापडाच्या होत्या. रंगवलेल्या पोशाखाला त्यांचा आधार उरत नाही.

मळ दिसतो याबद्दल मात्र माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचे काम कर्करोगकारक गटात घातले. काजळीतून आणि धुरातून अंगाशी येणारी रसायने हे त्यामागचे एक मोठे कारण आहे, आणि आपल्या भागात तर रासायनिक कारखानेच अधिक. फिकट कापडावरची काजळी डोळ्यांना खुपते, म्हणून पोशाख वेळेवर धुतला जातो. गडद निळ्यावर तीच काजळी महिनोन्‌महिने दडून राहील.

ओळखीची अडचण खरी आहे आणि ती सोडवता येते. कोटाच्या पाठीवर खालच्या कडेला कारखान्याच्या नावाची, वेगळ्या रंगाची पट्टी पोशाख बनवणाऱ्यांकडूनच, अग्निरोधक कापडाची आणि तशाच दोऱ्याने शिवून घ्यावी. हेल्मेटचे कवच निरनिराळ्या रंगांत मिळते. पथकप्रमुखाचे एका रंगाचे आणि जवानांचे दुसऱ्या, असे ठरवून शेजारच्या पथकालाही कळवावे. हेल्मेटला बाजारातला रंग मात्र लावू नये. पुढील खरेदीत रंग मागणीपत्रातच लिहावा. तेव्हा निळा, काळा, लाल असे पर्याय मिळतात. महामार्गावरच्या टँकर अपघातांना आपले पथक जात असेल, तर परशुराम घाटातल्या पावसाळी धुक्यात दिवसा उठून दिसणारा झळाळता पिवळा मी निवडेन. रात्री उपयोग चमकत्या पट्ट्यांचाच.

प्रश्न : मग निदान ब्लीचने मळ काढावा का? – तेच वाचक

उत्तर : नाही. क्लोरीनचे ब्लीच या तंतूंची ताकद घटवते. सौम्य साबण आणि ४० अंशांपर्यंतचे पाणी पुरे. बाहेरचा थर आणि अस्तर वेगळे होत असतील तर वेगवेगळे धुवावेत. पोशाख अंगणात उन्हात वाळत घालू नयेत, कारण उन्हाने केवलार तपकिरी पडतो आणि कमकुवतही होतो. पडवीत, वारा खेळेल अशा जागी टांगावेत. पावसाळ्यात तिथे ते लवकर वाळत नाहीत, तेव्हा पंखा लावावा, पण अस्तर ओलसर असताना पोशाख कामावर नेऊ नये. ओल्या अस्तरात आगीच्या उष्णतेने वाफ होऊन अंग भाजू शकते.