काखेतले पिवळे डाग: तुम्ही विचारा, आम्ही सांगतो

प्रश्न: ऑफिसच्या पांढऱ्या सुती शर्टांना काखेत पिवळे, कडक डाग पडलेत. दोनदा ब्लीचमध्ये भिजवले, तर डाग आणखी गडद झाले. शर्ट टाकून द्यायचे का?
– वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: टाकू नका. आधी ब्लीचची बाटली बाजूला ठेवा. क्लोरीनचं ब्लीच घामातल्या प्रथिनांशी जुळतं आणि पिवळेपणा वाढतो. नीळही नको, पिवळ्यावर निळं चढलं की डाग हिरवट दिसतो.

ही नुसत्या घामाची करामत नाही. घाम थांबवणाऱ्या रोल-ऑनमध्ये अॅल्युमिनियमचे क्षार असतात (डबीवर ‘अँटीपर्स्पिरंट’ लिहिलेलं असतं, तेच). हे क्षार, घाम आणि अंगाचं तेल यांचा मिळून धाग्यात थर बसतो. शर्ट उलटा करून काखेवर बोट फिरवा, मेण सांडून वाळल्यासारखं लागेल. साबण तेल काढतो, पण हे क्षार सोडवायला आम्ल लागतं आणि उरलेला पिवळा रंग घालवायला ऑक्सिजन, तो हायड्रोजन पेरॉक्साइडमधून मिळतो. म्हणून तीन टप्पे, आणि ते याच क्रमाने.

शर्ट उलटाच ठेवा. काख कोमट पाण्याने ओली करून भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, मऊ टूथब्रशने दोन मिनिटं घासा आणि धुवा. टेरीकॉट असेल तर हे दोनदा करा, कारण पॉलिस्टर तेल घट्ट धरून ठेवतं. मग एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि दोन वाट्या कोमट पाणी यांत काखेचा भाग पाऊण तास बुडवून ठेवा. व्हिनेगर नसेल तर एक लीटर पाण्यात लिंबूसत्त्वाचा एक मोठा चमचा चालतो. बाहेर काढल्यावर कडकपणा कमी झालेला हाताला कळला पाहिजे. नसेल तर पुढे जाऊ नका, पुन्हा भिजवा. बहुतेकांचं काम इथेच फसतं: थर तसाच असताना वरून पुढच्या टप्प्यातला लेप कितीही लावला तरी तो आत पोचत नाही.

आता शर्ट साध्या पाण्यातून नीट खळबळून घ्या. व्हिनेगर उरलं तर लेपातला खाण्याचा सोडा त्यातच वाया जातो. औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं. लेबल वाचा आणि तेवढंच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणा. तीन मोठे चमचे खाण्याच्या सोड्यात हे थोडं थोडं घालून इडलीच्या पिठाइतकं सैल कालवा. वाटी काचेची किंवा प्लास्टिकची घ्या, धातूची नको, आणि हातमोजे घाला. लेप दोन्ही बाजूंनी लावून अर्धा तास सावलीत ठेवा, मधे वाळू देऊ नका, मग नेहमीसारखं धुवा. जुन्या डागाला दोन-तीन फेऱ्या लागतात. बाटली उघडून वर्ष झालं असेल तर नवी आणा, कारण पेरॉक्साइडचं हळूहळू नुसतं पाणी होत जातं.

डाग पूर्ण जाईपर्यंत शर्ट इस्त्रीला देऊ नका. उष्णतेने उरलेला डाग पक्का होतो, आणि ओल्या कपड्यावर तो दिसत नाही, म्हणून वाळल्यावर उजेडात बघूनच ठरवा.

आणखी एक. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी वापरत असाल तर ठीक. सोसायटीत बोअरचं जड पाणी असेल तर साबणाची साय काखेतच बसते. तिथे शेवटच्या अर्ध्या बादली पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घाला. आणि व्हिनेगर व ब्लीच कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न: येवल्याच्या पैठणीवरच्या रेशमी ब्लाउजला काखेत फिकट चट्टे पडलेत. वरचाच उपाय चालेल का?
– वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: मुळीच नाही. सोड्याने रेशीम खराब होतं, पेरॉक्साइड रंग उडवतं. चट्टा मूळ रंगापेक्षा फिकट असेल तर तो डाग नाही, रंगच गेलाय, आणि तो धुऊन परत येत नाही. रंगाऱ्याकडे विचारून बघा, पण जरीकाठाजवळ पुन्हा रंग देणं जोखमीचं आहे.

चट्टा पिवळट असेल तर ड्रायक्लीनवाल्याला ‘हा घामाचा डाग आहे’ असं सांगूनच द्या. ड्रायक्लीनच्या द्रावणात तेल विरघळतं, घामातलं मीठ विरघळत नाही. त्यासाठी त्याला तेवढा भाग वेगळा, पाण्याने काढावा लागतो. न सांगता दिलेला ब्लाउज चकचकीत होऊन परत येतो आणि महिन्याभराने कपाटात डाग पुन्हा उमटतो.

पुढच्या ब्लाउजला शिंप्याकडून काखेत सुती कापडाच्या दुहेरी पट्ट्या टिचबटणांनी लावून घ्या. लग्नसराईत दिवसातून दोनदाही बदलता येतात. घरी आल्यावर ब्लाउज घडी करून ठेवू नका, उलटा करून रात्रभर पंख्याखाली टांगा.

प्रश्न: काळ्या टी-शर्टला काखेत पांढरे पट्टे पडतात.
– वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर: ताजे असतील तर कोरड्या सुती मोज्याने घासा, निघतात. जुन्यांना एक वाटी व्हिनेगर, तीन वाट्या थंड पाणी, वीस मिनिटं. आधी आतल्या शिवणीवर करून बघा. पेरॉक्साइड काळ्यावर नको. रोल-ऑन लावल्यावर पाच मिनिटं थांबून, काख कोरडी झाल्यावरच टी-शर्ट घाला.